काकांचं वर्षश्राद्ध जवळ आलंय: निधी, बैठक, कॅसेटी आणि त्यांच्या वह्या. सुरुवात कुठून करावी?

वडगावकर

नमस्कार मंडळी. आमच्या भागात विम्याचं आणि बचतीचं काम करणारे काका गेल्या मार्गशीर्षात गेले. घरच्यांची इच्छा म्हणून नाव लिहीत नाही. बेळगावात वडगाव-शहापूरकडं राहणाऱ्यांना कोणाबद्दल बोलतोय ते कळेल.

आधी एलआयसी आणि पोस्ट, नंतर म्युच्युअल फंड, असं चाळीस वर्षं काम. पण नुसते एजंट नव्हते. मागावरच्या विणकराला महिन्याचा हप्ता, फाउंड्रीतल्या कामगाराला पगाराच्या दुसऱ्या दिवशीची तारीख, उसवाल्याला वर्षाचा एकच हप्ता आणि तोही कारखान्याचं बिल खात्यावर पडल्यानंतरचा. माणसाच्या हातात पैसा कधी येतो ते आधी विचारायचे, योजना मागनं. कमावत्या माणसाचा मुदत विमा झाल्याशिवाय पोरांच्या नावाची पॉलिसी काढू द्यायचे नाहीत. दावा मंजूर होईपर्यंत त्या घरात पाच-सहा वेळा जायचे आणि चहाशिवाय काही घ्यायचे नाहीत.

संध्याकाळी सातनंतर हप्त्याचा विषय बंद, पेटी बाहेर. गुरुवारी देवळात भजन. अभंगामागोमाग पुरंदरदासांचं पद त्याच सुरात घ्यायचे, त्यामुळं मराठी आणि कन्नड दोन्हीकडची माणसं बसलेली असायची.

मागं राहिलंय ते असं: एक पेटी, मिरजेचा एक तंबोरा, ६४ कॅसेटी (बहुतेक घरगुती बैठकांच्या, काही रेडिओवरून उतरवलेल्या) आणि ११ लांब वह्या. वह्यांच्या एका बाजूनं लोकांचे हप्ते, उलट्या बाजूनं बंदिशी. लोकांनी मिळून ३ लाख रुपये जमवलेत. त्यातून संगीत शिकणाऱ्या मुलांना मदत आणि वर्षश्राद्धाच्या सुमारास एक बैठक, असं मनात आहे. ट्रस्ट करावा का? कॅसेटी कशा वाचवाव्यात? वह्यांचं काय करावं? जाणकारांनी नीट पायरी-पायरीनं सांगावं.

हिशेबनीस (निपाणी)

निधी आणि बैठक थांबू शकतात. वह्यांतले हप्ते थांबत नाहीत. पहिलं काम ते, आणि खरं तर उशीर झालाय.

जे लोक काकांच्या हातात रोख हप्ता देत होते त्यांची यादी वह्यांवरून आधी काढा. दारात येणारा माणूस गेला की या लोकांचे हप्ते तुटतात. एलआयसीत वार्षिक, सहामाही, तिमाही हप्त्याला ३० दिवसांची सवलत असते, मासिकाला १५ दिवसांची. ती उलटली की पॉलिसी बंद पडते. पहिला हप्ता चुकल्यापासून ५ वर्षांत ती पुन्हा चालू करता येते, पण व्याज भरावं लागतं आणि तब्येतीचे कागदही मागू शकतात. वर्ष व्हायच्या आत गेलात तर बहुतेकांचं काम थोडक्यात आटोपेल. प्रत्येकाला एवढंच सांगायचं: पॉलिसी एजंटची नसते, महामंडळाची असते. हप्ता कुठल्याही शाखेत किंवा ऑनलाइन भरता येतो, आणि बँकेतून आपोआप कापण्याची सोय करून घ्या.

पोस्टाच्या आरडीत (दरमहा भरायच्या आवर्ती ठेवीत) मुदत आणखी कमी. लागोपाठ चार हप्ते चुकले की खातं बंद समजतात आणि चौथ्या चुकीपासून दोन महिन्यांतच ते चालू करता येतं. चुकलेल्या हप्त्याला शंभराला १ रुपया दंड. इथं पासबुक हातात घेऊन शेवटची नोंद बघाच. वहीत लिहिलेलं आणि पासबुकावर छापलेलं जुळलं पाहिजे. कुठं फरक दिसला तर घरच्यांना बाजूला घेऊन आधी सांगा, चारचौघांत नको.

म्युच्युअल फंडाची एसआयपी, म्हणजे खात्यातून ठरावीक तारखेला आपोआप जाणारा हप्ता, वितरक (इथं काका) गेला म्हणून थांबत नाही. पॅनवरून सगळ्या फंडांचं एकत्रित विवरण मागवता येतं, ते प्रत्येकाला काढून द्या. पुढं दोन वाटा आहेत. नुसता वितरक बदलला तर युनिट जागच्या जागी राहतात. ‘डायरेक्ट’, म्हणजे वितरकाशिवायच्या योजनेत गेलात तर ती कागदोपत्री विक्री आणि नवी खरेदी धरतात, म्हणजे नफ्यावर कर आणि काही वेळा निर्गमन शुल्क. कमिशन वाचतं म्हणून एका दिवसात सगळं हलवू नका. पुढच्या एसआयपी डायरेक्टमध्ये सुरू करून जुनं हळूहळू बघता येतं.

आणखी एक. जुना एजंट गेला की पंधरा दिवसांत नवीन माणूस दारात येतो आणि ‘जुनी मोडा, नवी चांगली आहे’ म्हणतो. दहा-पंधरा वर्षं भरलेली पॉलिसी मोडली तर बोनसचा मोठा भाग जातो आणि नवा हप्ता आजच्या वयाप्रमाणं बसतो. काकांच्या लोकांना हे एक वाक्य सांगितलंत तरी त्यांचं निम्मं काम तुम्ही पुढं नेलंत.

काकांच्या घरच्यांसाठी: चालू पॉलिसींवरचं कमिशन अटी पूर्ण असतील तर एजंटच्या वारसालाही मिळतं. एजन्सी कोड आणि मृत्यूचा दाखला घेऊन त्यांच्या शाखेत विचारा. बऱ्याच घरांना हे माहीतच नसतं.

आता निधी. ३ लाखांसाठी ट्रस्ट करू नका. वेगळा पॅन, दरवर्षीचा हिशेब, विवरणपत्र, देणगीदारांना कर सवलत हवी तर तिची वेगळी नोंदणी. छोट्या निधीचं व्याज यातच जातं. आणि करायचाच झाला तर कोल्हापूरकडून आणलेला मसुदा इथं चालत नाही. महाराष्ट्रात धर्मादाय आयुक्तांकडं नोंदणी होते, कर्नाटकात ट्रस्टचा दस्त उपनिबंधक कार्यालयात नोंदतात. संस्था करायची तर १९६० चा कर्नाटकाचा संस्था नोंदणी कायदा, किमान ७ सभासद.

त्यापेक्षा चांगली चालणारी एखादी वाचनालय संस्था किंवा शाळा निवडा आणि काकांच्या नावानं कायम ठेव म्हणून रक्कम द्या. लेखी कराराशिवाय देऊ नका. करारात चार गोष्टी हव्यात: मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याजातले किती वाटायचे आणि किती मुद्दलात घालायचे, दरवर्षी कोणत्या महिन्यात हिशेब द्यायचा, आणि संस्था बंद पडली तर रक्कम कुणाकडं जायची. शेवटचं कलम लोक विसरतात. साडेसहा टक्के धरले तर वर्षाला १९,५०० रुपये येतील. त्यातले ८० टक्के, म्हणजे १५,६०० वाटा आणि ३,९०० मुद्दलात टाका. पूर्ण व्याज वाटलं तर दहा वर्षांनी महागाईमुळं त्याच रकमेत तेवढी मुलं बसणार नाहीत.

ठेव कुठं ठेवायची, हा आपल्याकडचा नाजूक विषय. ठेव विमा बँकेतल्या ठेवीला आहे, सहकारी बँकेलाही आहे; एका ठेवीदाराला एका बँकेत मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाखांपर्यंत. पतसंस्था, सौहार्द सोसायटी, मल्टिस्टेट सोसायटी यांना तो नाही, पाटीवर काहीही लिहिलेलं असो. एक-दीड टक्का जास्त मिळतोय म्हणून लोकांचा निधी तिथं ठेवू नये.

आणि सध्या ते ३ लाख कुणा एकाच्या बचत खात्यात असतील तर आजच त्याची लेखी नोंद करा. उद्या त्या माणसाचं काही बरंवाईट झालं तर कागदावर ते पैसे त्याच्या वारसांचे आहेत.

जवारी

बैठकीचं सांगतो.

तारीख आधी पक्की करा, कारण मार्गशीर्ष म्हणजे बहुतेक वर्षी नोव्हेंबरअखेर ते डिसेंबर. कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन बहुतेक वेळा डिसेंबरात बेळगावच्या सुवर्णसौधमध्ये भरतं. तेव्हा लॉज भरलेले, पोलिस बंदोबस्तात, परवानगीचा अर्ज टेबलावर पडून. डिसेंबरातच पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव असतो, चांगले तबलजी आणि पेटीवाले त्या आठवड्यात मिळत नाहीत. ऊसतोडीचाही तोच हंगाम, त्यामुळं खेड्याकडचे लोक रविवार सोडून यायचे नाहीत. तिथीला घरचा विधी करा आणि बैठक अलीकडच्या-पलीकडच्या रविवारी ठेवा.

वेळ संध्याकाळी साडेपाच. डिसेंबरात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो, म्हणजे मारवा किंवा पूरिया धनाश्रीला नेमकी वेळ साधते. मग यमन किंवा भूप, मध्यंतर, नंतर बागेश्री, थोडं नाट्यपद आणि भजन, शेवटी भैरवी. ध्वनिक्षेपक रात्री १० ला बंद करावाच लागतो, म्हणून भैरवी साडेनऊला सुरू झाली पाहिजे. नाट्यपदं घेणार असाल तर अण्णासाहेब किर्लोस्करांची जरूर घ्या. ते आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, जन्म १८४३ चा. आणि कुमार गंधर्वांचं जन्मगाव सुळेभावी शहराजवळच आहे, तेव्हा निर्गुणी भजनाला वेगळं निमित्त लागायला नको.

भाषणं सगळी मिळून २० मिनिटं, तीही तंबोरे लागायच्या आधी. एकदा सूर लागला की सत्कार, नारळ, शाल काही नको. मध्यंतरात दहा जणांचा सत्कार घातला की तबला उतरतो, गायकाचा आवाज थंड होतो आणि मागच्या रांगा उठून जातात.

गायकाला आधी फोन करून स्वर विचारा. पेटीच्या पट्ट्यांवरून सांगतात: पुरुष साधारण काळी एक किंवा दोन, स्त्रिया काळी चार-पाच. त्या स्वराचे दोन तबले ठेवा. एकाची पुडी ऐनवेळी फाटली तर दुसरा हवा. दीडशे माणसांच्या सभागृहाला दोन स्पीकर पुरतात: गळ्याला एक माइक, तबल्याला एक किंवा दोन, पेटीला एक, तंबोऱ्याला नको. डिसेंबरात पंखे बंदच ठेवा. त्यांचा घरघराट माइक उचलतो आणि वाऱ्यानं तंबोरा उतरतो.

काकांचा तंबोरा त्या दिवशी स्टेजवर वाजला पाहिजे. नुसता हार घालून कोपऱ्यात उभा करू नका. वर्षभर पडलेला असेल तर बैठकीच्या तीन आठवडे आधी मिरजेला न्या. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे जवारी (तारेला भरीव झंकार यावा म्हणून घोडी घासून बसवणं) काढणारे कसबी हात तिथं आहेत. नेताना तारा थोड्या उतरवा, भोपळ्याला गादी लावा आणि गाडीत माणसाच्या मांडीशी उभा धरा. डिकीत आडवा टाकला तर भोपळा तडकतो. तारा बदलल्या की तीन दिवस रोज चढवून ठेवाव्या लागतात, नाहीतर ऐन विलंबितात उतरतात. पावसाळ्यात फुगलेल्या खुंट्या थंडीत सैल होतात. खुंटी काढून तिला खडूची पूड लावली की धरते. जवारी स्वतः घासू नका. एकदा जास्त घासली गेली की तंबोरा फुटक्या भांड्यासारखा बोलतो.

पेटीसाठी: एकदम जोरात भाता मारू नका. आधी वरची फळी उघडून झुरळं, कसर, उंदरांनी कुरतडलेलं कातडं बघा. मग भाता भरून पुढचे ओढायचे सगळे खटके बंद करा. भाता हळूहळू बसला तर ठीक, लगेच बसला तर कुठंतरी हवा जातेय. एखादा सूर बोलत नसेल तर बहुतेक वेळा पितळी पट्टीत कचरा असतो. पातळ कागद पट्टीखालून अलगद सरकवा. एखादा सूर आपोआप वाजत राहिला तर बोटानं दाबायच्या पट्टीखालची स्प्रिंग ढिली झालीय किंवा चामडं सरकलंय. सूर बेसूर असेल तर कारागिराकडं न्या, घरी खरवडू नका.

रीळवाला

६४ कॅसेटी हे महिन्याभराचं काम आहे. कॅसेट जेवढ्या वेळाची तेवढाच वेळ ती उतरवायला लागतो, म्हणजे ६० मिनिटांच्या धरल्या तरी ६४ तास. रोज दोन.

सुरुवातीला एकही वाजवू नका. सगळ्या उजेडात धरून खिडकीतून फितीची कड बघा. बेळगावच्या पावसात पांढरी बुरशी येते. बुरशीची एक कॅसेट वाजवली की ती हेडला (यंत्रात फीत जिथं घासते त्या भागाला) लागून पुढच्या सगळ्या कॅसेटींना लागते. त्या वेगळ्या काढून शेवटी जाणकाराकडं द्या. मागच्या कडेच्या दोन प्लॅस्टिकच्या चकत्या मोडल्या नसतील तर मोडा, म्हणजे चुकून वरून रेकॉर्ड होणार नाही. फितीमागचा नमद्याचा छोटा तुकडा जागेवर आहे का बघा. त्याचा डिंक वाळून तो गळतो, मग आवाज लांबून आल्यासारखा येतो आणि लोकांना वाटतं फीत खराब झाली. स्क्रूची कॅसेट असेल तर फीत चांगल्या कवचात घालता येते. तुटलेल्या फितीला साधी चिकटपट्टी लावू नका. तिचा गोंद पाझरतो आणि शेजारचे वेढे चिकटतात.

स्वस्तातलं यूएसबीचं खेळणं घेऊ नका, त्याचा वेग डगमगतो. चांगला जुना कॅसेट डेक दुरुस्त करून घ्या आणि त्याच्या लाइन-आउटमधून संगणकाला जोडा. हेड दर दोन कॅसेटींनंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसायचं. रबरी चाक मात्र साबणाच्या ओल्या फडक्यानं. वाजवण्याआधी प्रत्येक कॅसेट एकदा पूर्ण पुढं आणि पूर्ण मागं फिरवा, फितीचा ताण सारखा होतो. आवाज बोथट वाटला तर हेडजवळचा छोटा स्क्रू अगदी थोडा फिरवून तंबोरा सगळ्यात स्वच्छ ऐकू येईल तिथं थांबा.

संगणकावर ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, डब्ल्यूएव्ही. रेकॉर्डिंगला ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर पुरतं. सर्वात मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या आसपास राहू द्या, शून्याला टेकला की समेवरची थाप कायमची फाटते. एक तास म्हणजे साधारण १ जीबी. सगळ्या ९० मिनिटांच्या निघाल्या तरी १०० जीबीत मावतील. मूळ फाइलवर खरखर काढायचा प्रयोग करू नका, खरखरीबरोबर तंबोऱ्याची झंकारही जाते. तीन प्रती ठेवा, त्यातली एक दुसऱ्या गावात.

वेष्टनावरचं काकांचं अक्षर दोन्ही बाजूंनी फोटो काढून त्याच फोल्डरात ठेवा. तारीख, गायक, साथीदार, कुणाच्या घरी हे बहुतेक वेळा फक्त तिथंच लिहिलेलं असतं.

इंटरनेटवर टाकण्याआधी थांबा. घरगुती बैठक असली तरी गाणाऱ्याचा आणि साथीदारांचा हक्क ५० वर्षं राहतो. त्यांची किंवा त्यांच्या घरच्यांची लेखी संमती घ्या. रेडिओवरून उतरवलेलं घरातच राहू द्या.

वडगावकर

सगळ्यांचे मनापासून आभार. रोख हप्ता देणाऱ्यांची यादी कालपासून काढायला घेतली, पहिल्या चार वह्यांत ३७ घरं निघाली. दोन गोष्टी राहिल्या. वह्या प्रदर्शनात मांडाव्यात असं काहींचं म्हणणं आहे. आणि एक छोटी स्मरणिका काढायचीय, तिच्यात काय असावं?

सातेरी (खानापूर)

वह्या उघड्या मांडू नका, ही माझी कळकळीची विनंती. त्यात लोकांचे पॉलिसी नंबर, पॅन, कुणाचा हप्ता कधी थकला, कुणी कर्ज काढलं, हे सगळं असणार. चाळीस वर्षं त्यांनी ते पोटात ठेवलं. बंदिशींच्या बाजूची पानं स्कॅन करून मांडा. हप्त्यांची बाजू काम संपल्यावर घरच्यांच्या ताब्यात, कुलपात. स्मरणिकेतही ‘काकांमुळं आम्हाला इतके लाख मिळाले’ असा मजकूर आला तर आकडा गाळा, आणि नाव त्या घराच्या परवानगीनंच.

स्मरणिकेची पानं चारच्या पटीत धरा, म्हणजे पिना मारायला सोपं, १६ पुरेत. अर्धी मराठी, अर्धी कन्नड. त्यांच्याकडं दोन्ही भाषांची माणसं यायची. जन्मतारीख, एजन्सी मिळाल्याचं वर्ष आठवणीवरून लिहू नका. शाळा सोडल्याचा दाखला आणि एजन्सीचे कागद बघून लिहा. आठवणी मागताना ‘काकांबद्दल लिहा’ म्हणालात तर सगळ्यांकडून ‘हसतमुख, परोपकारी’ एवढंच येईल. नेमकं विचारा: त्यांनी तुमचा कुठला कागद दुरुस्त करून दिला? कुठली पॉलिसी घेऊ नका म्हणाले? कुठला राग त्यांच्याकडून पहिल्यांदा ऐकला?

मधल्या जोडपानावर एक कोरा तक्ता छापा, फाडून घरात लावता येईल असा. रकाने: पॉलिसी किंवा खात्याचा नंबर, कुणाच्या नावानं, हप्त्याची तारीख, नॉमिनी, मूळ कागद घरात कुठं आहे. आणि सगळ्यात रुंद रकाना ‘कागदावर नाव जसं लिहिलंय तसं’.

हा शेवटचा रकाना आपल्या सीमाभागात फार महत्त्वाचा आहे. मराठी शाळेच्या दाखल्यावर नाव, वडिलांचं नाव, आडनाव. कन्नडवरून केलेल्या कागदावर वडिलांचं नुसतं आद्याक्षर. कन्नडवरून इंग्रजीत येताना आडनावाच्या स्पेलिंगमध्ये आणखी फरक. बायकोचं नाव पॉलिसीत माहेरचं आणि आधारवर सासरचं. माणूस जिवंत असताना ही दुरुस्ती एका अर्जावर होते. तो गेल्यावर त्याच फरकासाठी प्रतिज्ञापत्र, वारसाचे दाखले आणि कचेरीचे हेलपाटे. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करताना नाव आधार आणि पॉलिसीशी ताडून घ्या. दाखला छापून आल्यावर चूक सुधारणं लांबतं. नॉमिनी म्हणून वारलेल्या आईचं नाव अजून असेल तर तेही बदला, घरोघरी हे सापडतं.

मुलांच्या मदतीबद्दल हिशेबनीसांच्या करारात एक ओळ वाढवा. अट फक्त गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षांची ठेवलीत, म्हणजे प्रारंभिक ते विशारद, तर कर्नाटकातल्या ज्युनिअर-सीनिअर संगीत परीक्षेला बसणारी मुलं बाहेर राहतील. दोन्ही चालतील असं लिहा, आणि पेटी-तबल्याच्या दुरुस्तीलाही पैसे देता येतील असं ठेवा. खेड्यातलं पोर परीक्षेच्या फीसाठी अडत नाही तेवढं भाता फाटला म्हणून अडतं.

वडगावकर

सातेरीताई, वह्या झाकूनच ठेवतो. तक्ता स्मरणिकेची वाट न बघता याच आठवड्यात झेरॉक्स करून त्या ३७ घरांत नेतो, यादी वाढेल तशा पुढच्या घरांतही. जवारीदादा, तंबोऱ्याची एक खुंटी आत्ताच सरकतेय, तुम्ही सांगितल्याप्रमाणं खडू लावला. मिरजेची तारीख घेतली की इथं कळवतो.